थेंब वाचणारे अंतोन मास्तर

अंतोन मास्तरांकडे मी पहिल्यांदा गेलो तो त्यांना चीत करायला. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात हे लिहिताना जरा संकोच वाटतो, पण खरे ते खरे. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिन ऑइल बनवणाऱ्या एका कंपनीचा तांत्रिक प्रतिनिधी म्हणून मी विरारपासून नायगावपर्यंतची गॅरेजे पालथी घालत होतो. माझ्या बॅगेत बर्फाची एक पेटी असे आणि तिच्यात काचेच्या दोन नळ्या. एका नळीत साधे, म्हणजे खनिज तेल, दुसरीत सिंथेटिक. गॅरेजवाल्यासमोर दोन्ही नळ्या आडव्या करायच्या. सिंथेटिक झरझर वाहायचे आणि साधे तेल थिजलेल्या तुपासारखे तळाशी बसून राहायचे. बघणारा डोळे विस्फारायचा आणि मी ऑर्डरची वही उघडायचो. निर्मळला मात्र एक मास्तर आहेत, ते कोणाचे ऐकत नाहीत, असे मला दोघा-तिघांनी बजावले होते. त्यामुळे मी जास्तच ऐटीत गेलो.

केळीच्या वाडीच्या कडेला पत्र्याची शेड, आत एकच गाडी उभी राहील एवढी जागा, भिंतीवर क्रूस आणि त्याखाली आकाराप्रमाणे ओळीने टांगलेले पाने. श्री. अंतोन लोपीस त्या वेळी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचे वर्ग घेत होते आणि उरलेल्या वेळात हे गॅरेज चालवत होते. त्यांनी माझा सगळा खेळ मन लावून पाहिला. मध्ये एकदा चष्मा पुसला. माझे संपल्यावर अगदी आदराने विचारले, “छान दाखवलंस. आता एक सांग, वसईत गाडी फ्रीजरमध्ये कोण लावतो?”

मी नळ्या पुन्हा बर्फात ठेवल्या. कंपनीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आलाच नव्हता.

“रागावू नको,” मास्तर म्हणाले. “दोन्ही तेलांचा एकेक डबा ठेवून जा. उद्या ये.”

आमच्या विक्रीच्या धंद्यात “उद्या ये” याचा अर्थ “परत येऊ नको” असा होतो. म्हणून मी गेलो नाही. आठ दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्या रस्त्याने जाताना डोकावलो, तर मास्तर खरोखरच नाराज झालेले. “मी उद्या म्हटलं होतं,” म्हणाले. त्यांनी पत्नी रोझीबाईंच्या स्वयंपाकघरातल्या दोन स्टीलच्या वाट्या पळवून, शेडमागच्या शेगडीवर दोन्ही तेले सारखा वेळ तापवून पाहिली होती. साध्या तेलाचा धूर आधी निघाला, ते आटलेही जास्त, आणि वाटीच्या तळाला काळपट थर धरला. सिंथेटिकची वाटी त्या मानाने स्वच्छ होती. “माल चांगला आहे तुझा. बोलतोस चुकीचं,” ते म्हणाले. “आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाय. उकाड्याचा आहे, ट्रॅफिकमध्ये उभं राहण्याचा आहे. ते सांग लोकांना.” त्या दिवसापासून मी बर्फाची पेटी घरी ठेवली. ती आमच्या आईने मासळी ठेवायला घेतली आणि तिचा तो उपयोग जास्त चांगला झाला. रोझीबाईंच्या वाट्या मात्र पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. त्यांचा उल्लेख निघाला की बाई आजही माझ्याकडे बघतात, मास्तरांकडे नाही.

मास्तरांचे थेंब ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाडी गॅरेजमध्ये आली की मास्तर इंजिनातले ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायला लावतात आणि तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर टाकायला सांगतात. थेंब गाडीच्या मालकाने स्वतःच्या हाताने टाकायचा, हा नियम. कागदाच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर, तारीख, तेलाचा प्रकार आणि मीटरचा आकडा लिहायचा. मग कागद बिस्किटांच्या डब्यात, आडवा. थेंब रात्रभर पसरतो. दुसऱ्या दिवशी मालकाने यायचे आणि मास्तरांच्या शेजारी बसून तो वाचायचा. मधला भाग करडा आणि कडेला विरळ होत गेलेला असेल तर तेल अजून काम करते आहे. मधे काजळीचा घट्ट काळा गोळा आणि त्याची कड रेखीव असेल तर तेलाने हात टेकले. बाहेर फिकट कडे दिसले तर तेलात डिझेल उतरते आहे. कोणी कितीही घाईत असो, मोठा बागायतदार असो की रिक्षावाला, मास्तर थेंब त्याच दिवशी वाचत नाहीत. “त्याला पसरू दे. उद्या ये.” कित्येक गिऱ्हाइके यावर वैतागून गेली. मास्तरांनी एकालाही थांबवले नाही.

सिंथेटिक की साधे, या वादात त्यांना ओढण्याचा मी अनेक वर्षे प्रयत्न केला. ते कुठल्याच बाजूने बसत नाहीत. नालासोपाऱ्याचे एक बँकेतले गृहस्थ एकदा मोटारसायकल घेऊन आले. भारीतले सिंथेटिक टाकूनही गाडी चढावावर नुसती गुरगुरते, पुढे सरकत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी चारचाकीचे तेल मोटारसायकलमध्ये ओतले होते. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो आणि ते तेल त्याला फार निसरडे पडले. मास्तरांनी दुचाकीचे साधे तेल भरून गाडी परत दिली. त्याच आठवड्यात एका वाडीवाल्यांच्या नव्या गाडीत मात्र त्यांनी आग्रहाने सिंथेटिक भरले, कारण तिच्या इंजिनात हवा कोंबणाऱ्या तापट टर्बोला साधे तेल झेपणार नव्हते. “तेल भारी की हलकं हे नंतर,” ते म्हणतात. “आधी गाडीचा दिवस कसा जातो ते विचार.”

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले होते. तरी विसरलो. ती गोष्ट लिहिण्यासाठीच मी संपादक मंडळाकडून ही पाने मागून घेतली.

त्याआधी मास्तरांच्या शिस्तीबद्दल एक सांगितले पाहिजे, कारण तिचा प्रसाद मीही खाल्ला आहे. जुने ऑइल ते पिंपात साठवतात आणि शुद्धीकरणासाठी नेणाऱ्यांच्याच हवाली करतात. एकदा पिंप हलवताना माझ्या हातून तांब्याभर तेल वाडीत सांडले. मास्तरांनी फावडे माझ्या हातात दिले आणि वीतभर खोल माती उकरून पत्र्याच्या डब्यात भरायला लावली. इस्त्रीचा शर्ट घालून मी दुपारभर माती उकरत होतो. “इथून वीस पावलांवर विहीर आहे,” एवढेच ते बोलले. मी दमून बसलो तेव्हा लिंबाचे सरबतही त्यांनीच आणून दिले.

आता ती गोष्ट. नायगावजवळच्या आमच्या गावातल्या मंडळाची एक डिझेल गाडी आहे. गावातल्या तीन जणांना दिवसाआड डायलिसिसला नेणे-आणणे हे तिचे मुख्य काम. तिघांपैकी एक माझे वडील. बाबांनी जन्मभर मिठागरात काम केले आणि आता डॉक्टरांनी मीठच बंद केले आहे, यावर ते स्वतःच हसतात. मी तेलातला माणूस, म्हणून गाडीची देखभाल मंडळाने माझ्याकडे सोपवली. मंडळाचे सचिव मोरेश्वरकाका साध्या तेलाचे कट्टर. त्यांचा विरोध मोडून मी गाडीत उत्तम सिंथेटिक भरले आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुढचा बदल पंधरा हजार किलोमीटरला, अशी चिठ्ठी डॅशबोर्डवर डकवली. दर महिन्याला थेंब टाकून आणायला मास्तरांनी सांगितले होते. मी दोनदा नेला. मग मला वाटले, आपण एवढे जाणकार, आपल्याला कशाला थेंब हवा?

बाबा डायलिसिसहून निघताना अगदी गळून जात. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत बसवले की त्यांना घेरी येई. म्हणून मी चालकाला, सुनीलला, सांगून ठेवले होते की गाडी गारच पाहिजे, एसी बंद करायचा नाही. सुनील शब्दाचा पक्का. पेशंट आत असेपर्यंतचे सगळे तास तो इंजिन चालू ठेवून गाडी सावलीत उभी करी. मीटर पुढे सरकत नव्हता आणि इंजिन चालतच होते. मी दर आठवड्याला मीटर बघायचो आणि खूश व्हायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका बुधवारी सुनीलचा फोन आला. “दादा, दवाखान्याच्या गेटवर उभा होतो ना, तो ऑइलचा लाल दिवा लुकलुक करतोय. रेस दिली की जातो.” हा दिवा लागणे म्हणजे इंजिनात तेलाचा दाब पडणे. बेअरिंग गेले असेल तर इंजिन गेले. शुक्रवारी सकाळी तिघांनाही डायलिसिसला न्यायचे होते. ते चुकले तर काय होते हे आमच्या घराने एकदा पाहिले आहे. पायापासून चेहऱ्यापर्यंत सुजलेले बाबा आणि त्यांचा वर न येणारा श्वास. ते मला पुन्हा बघायचे नव्हते.

गुरुवारी मी स्वतः गाडी चालवत निर्मळला गेलो. मास्तरांचे पहिले वाक्य, “दिवा लागल्यावर चालवत आणलीस, जयेश? तू?” त्या ‘तू’मध्ये सगळे आले. त्यांनी पट्टी काढली, बोटावर तेल चोळले, हुंगले. डिझेलचा वास मलाही आला. मग त्यांनी टीपकागद पुढे केला. माझा पहिला थेंब टेबलावरच पडला.

“मास्तर, आज वाचा,” मी म्हणालो. “उद्या बाबांना न्यायचंय.”

“थेंब आज काय सांगणार नाय. घाईत उघडून जोडलेलं इंजिन मी तुझ्या बाबांच्या खाली देणार नाय.”

“मग उद्या सकाळचं काय?”

“गाडी थांबेल. बाबा थांबणार नाय. सकाळी सहाला तयार ठेव तिघांना.”

शुक्रवारी पावणेसहाला मास्तर स्वतःची जुनी गाडी घेऊन आमच्या दारात हजर होते. वय वर्षे त्र्याहत्तर. तिघांना बसवायला जागा लागेल म्हणून मला त्यांनी बसू दिले नाही, बाबांना पुढे स्वतःशेजारी घेतले आणि मला स्कूटरवरून निर्मळला जायला फर्मावले. “थेंबाला हात लावू नको,” एवढी ताकीद देऊन गेले. मी शेडमध्ये बिस्किटांच्या डब्यासमोर बसून राहिलो. रोझीबाईंनी चहा दिला, तो तसाच निवला.

तिघांना सोडून मास्तर परत आले आणि आम्ही डबा उघडला. मधे काळा गोळा, त्याची कड पेन्सिलीने आखल्यासारखी, आणि बाहेर फिकट कडे. वाचायला मास्तरांची गरज नव्हती. माझे दोन जुने कागद त्यांनी शेजारी ठेवले. दुसऱ्यावरच काळेपणा सुरू झालेला होता. त्यानंतर सात महिने कागदच नव्हता. मग त्यांनी विचारले, “गाडी उभी असताना इंजिन कोण चालू ठेवतं?”

“मीच सांगितलंय,” मी म्हणालो. “बाबांना उकडतं म्हणून.”

मास्तरांनी ऑइल फिल्टर काढून करवतीने कापला. आतला घडीचा कागद ट्रेमध्ये उलगडून उन्हात धरला. बेअरिंग झिजले असेल तर त्या काळ्या चिखलात धातूची चमक दिसते. एकेक घडी ते बोटाने उघडत होते, लोहचुंबक फिरवत होते, आणि मी कुठलाच देव बाकी ठेवला नाही, भिंतीवरच्या क्रूसासकट. शेवटची घडी उघडून झाल्यावर ते म्हणाले, “चमक नाय. वाचलास.”

मी तिथेच टायरवर बसलो आणि रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, पण मला त्याची लाज वाटली नाही. दुपारपर्यंत आम्ही इंजिनाचे तळभांडे उतरवून तेल ओढणाऱ्या नळीची काजळीने तुंबलेली जाळी साफ केली. नवा फिल्टर लावला. मी म्हटले, आता साधेच तेल भरूया, तेवढेच काकांचे समाधान. मास्तर चिडले. “वेळ चुकली म्हणून तेल कशाला बदलतोस? तासन्‌तास उभं राहणाऱ्या इंजिनाला सिंथेटिकच बरं. पण काजळी आणि डिझेल कुठल्या तेलाला चुकलेत? ते मीटर बघून येत नाय.” भरले ते सिंथेटिकच. दाबाचा काटा जोडून अर्धा तास इंजिन चालवले. तापल्यावरही काटा जागचा हलला नाही. मास्तर हात धुऊन आपल्या गाडीने तिघांना आणायला गेले.

रविवारी मंडळाची बैठक होती. मोरेश्वरकाका तयारीतच आले होते. “तरी मी सांगत होतो! त्या सिंथेटिकनंच घात केला ना, मास्तर?”

“तेलाचा दोष नाय,” मास्तर म्हणाले.

“मग कोणाचा?”

मी खाली बघत होतो. गाडीची जबाबदारी माझी, थेंब मी बुडवले, इंजिन माझ्या सांगण्यावरून चालू राहिले. एवढे कळले असते तर गाडी माझ्याकडून गेली असती, आणि जायलाच हवी होती.

“मीटरचा,” मास्तर शांतपणे म्हणाले. “त्याला उभी गाडी मोजता येत नाय. आता तास मोजा. जयेश वही ठेवील.”

सगळे हसले, बैठक संपली. मास्तर खोटे बोलले नव्हते. आणि त्यांनी मला एकट्यालाही काही सुनावले नाही. दुसऱ्या दिवशी सुनीलकडून एक वही आली. पहिल्या पानावर मास्तरांच्या अक्षरात रकाने आखलेले होते आणि टाचणीने कोरा टीपकागद लावलेला होता. तेव्हापासून एकही महिना चुकलेला नाही.

घरी आले की मास्तर रिकाम्या हाताने येत नाहीत. नाताळात रोझीबाईंच्या हातचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे, येतात. पूर्वी वाडीतल्या केळीचा घडही यायचा. डायलिसिसच्या माणसाला केळी चालत नाहीत हे कळल्यावर घड बंद झाला आणि पानात गुंडाळलेला मोगरा येऊ लागला. “खायचं नाय, नुसता वास घ्यायचा, दामूभाऊ,” असे बाबांना सांगून ते उशाशी ठेवतात.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा मी मास्तरांची परवानगी मागायला गेलो. दोन वर्षे छातीवर ठेवलेला धोंडा मला उतरवायचा होता. ते म्हणाले, “लिही. पण आकडे बरोबर लिही.” मग मोरेश्वरकाकांना भेटलो. ते एवढेच म्हणाले, “वही चालू ठेव.” शेवटी बाबांजवळ बसलो आणि सगळे सांगितले. थेंब कसे बुडवले, दिवा कसा लागला, त्यांची गाडी कशी माझ्या हातून जाता जाता राहिली.

बाबांनी ऐकून घेतले. “मना ठाव हाय,” ते म्हणाले.

“कोणी सांगितलं?”

“मास्तरांनीच. त्या शुक्रवारी परत आनताना, गाडीत. म्हनाले, दामूभाऊ, पोरानं तुम्हाला गार ठेवायला इंजिन तापत ठेवलं. चूक हाय त्याची. पन त्याला वरडू नका.” बाबांनी पांघरूण सारखे केले. “नाय वरडलो मी. दोन वर्सं झाली.”

मास्तरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन या पावसाळ्यात झाले. त्याआधी त्यांना थेंबाचे बाहेरचे कडे दिसेनासे झाले होते, आणि ते आमच्यापासून लपवत होते. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मागितला तो आमच्या गाडीचा कागद. खिडकीशी नेऊन पाहिला. “करडा आहे,” म्हणाले. “छान पसरलाय.” रोझीबाईंनी तिथल्या तिथे क्रूसाची खूण केली. गाडी चालू आहे, बाबा आहेत, मास्तरांना दिसते आहे. याहून जास्त मला या वर्षी काही मागायचे नाही.

पुढच्या वर्षांसाठी मात्र मागणे आहे. अंतोन मास्तरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे डोळे असेच लख्ख राहोत, रोझीबाईंची सोबत राहो. पूर्वी ज्या शब्दांचा मला राग यायचा, ते मला वर्षानुवर्षे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळोत. काल मी बाबांच्या गाडीचा नवा थेंब टाकला. मास्तरांनी कागद डब्यात ठेवला, झाकण लावले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “उद्या ये.”

येतो, मास्तर.